ड्रायर गार पडला तेव्हा

लाँड्रीतले कपडे लोक घेऊन जातात. किस्से मात्र कोणी नेत नाही, ते साठतच जातात! शहाद्यात माझी लाँड्री सुरू होऊन तीन पावसाळे झाले. मैत्रिणी जमल्या की फर्माईश एकच, "तो ड्रायरचा सांग ना!" आता ड्रायरचा काय एकच आहे का? बसा, चहा घ्या, सांगते.

०

ड्रायर घ्यायचा म्हटल्यावर घरात सभाच भरली. आमचे हे हायस्कूलला विज्ञान शिकवतात. सगळं गाव त्यांना सर म्हणतं, म्हणून मीही सरच म्हणते. सरांनी मला फळ्यावर शिकवल्यासारखं बाष्पीभवन समजावून सांगितलं. सासूबाईंनी एवढंच विचारलं, "शहादामा ऊन कमी पडनं का वं?"

"आणि पावसाळ्यात काय करू?" मी विचारलं.

सर म्हणाले, "आठ दिवस ऊन नही, आसं कधीच व्हत नही!"

मी कोणाचं ऐकते? घेतलाच.

०

घेतला तो एका दवाखान्याच्या भरवशावर. तिथल्या डॉक्टरबाई फार कडक. म्हणाल्या, "महिनाभर चादरी देते. एक जरी ओलसर आली, तर काम दुसऱ्याला."

आणि त्यांची तपासायची पद्धत काय, तर प्रत्येक चादर गालाला लावून बघायची! मीटर नाही, मशीन नाही, नुसता गाल. पहिल्या दिवशी चाळीस चादरींना चाळीस वेळा गाल लावला बाईंनी, आणि मी समोर मोजत उभी!

पावसाळ्यात बाकीचं काम जवळजवळ नसतंच. हे गेलं असतं तर शटर खाली ओढून मी परत घरात. खरं सांगते, मला ते नको होतं.

०

ड्रायरला एक जाळी असते. तिच्यावर कपड्यांची रुई जमते, ती रोज काढावी लागते. मला मात्र जाळी रोज आयतीच लख्ख मिळायची. आठवड्याने कळलं, सासूबाई ती रुई नेऊन देवासाठी वाती वळत होत्या!

मी कपाळावर हात मारला. "अहो आई, दवाखान्याच्या चादरींची आहे ती!"

"मंग बरंच शे की," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "आजारी मानसंना नावना दिवा लागी ऱ्हायना."

अजून वळतात.

०

महिन्याचा शेवटचा आठवडा आला आणि ड्रायर गरम व्हायचा बंद झाला. ड्रम फिरतोय, आवाज येतोय, हवा मात्र गार! बाहेर नऊ दिवस सूर्याचा पत्ता नाही.

कंपनीच्या नंबरला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. प्लग काढून परत लावायला सांगितलं, लावला. जाळी साफ आहे का विचारलं, म्हटलं, आमची जाळी तर देवाच्या कामाची आहे! मग तिने विचारलं, "मॅडम, ड्रायरमध्ये कपड्यांशिवाय दुसरं काही टाकलं होतं का?"

असा राग आला मला! "अहो, लाँड्री आहे ही. आम्ही दुसरं काय टाकणार?"

सर शेजारीच बसले होते. ते एकदम उठले आणि "दूध लई येस" म्हणून बाहेर पडले. दूध सकाळीच आलं होतं.

०

शेवटी हिंमतआप्पांना बोलावलं. आख्ख्या शहाद्याचे कूलर आप्पा दुरुस्त करतात. आले, चहा घेतला, ड्रायरच्या पाठीवर हात ठेवून पाच मिनिटं आवाज ऐकत बसले. मला वाटलं, आता काहीतरी सांगतील.

आप्पा म्हणाले, "तीस वरीस मी गार कराना धंदा कया, ताई. हाई गरम कराना इशय नवा शे."

तरी माणूस हुशार. मागचा हवेचा पाइप काढला, आत डोकावले, जोरात फुंकर मारली. आणि मग जे शिंकायला लागले! आप्पा शिंकतायत, मी शिंकतेय, सासूबाई आतल्या खोलीत शिंकतायत. पाइपातून भसकन लाल मिरच्या आणि मूठभर बिया बाहेर पडल्या!

"ताई," आप्पा डोळे पुसत म्हणाले, "हाई ड्रायर शे का मिरचीनं कांडप?"

एव्हाना परत आलेल्या सरांकडे मी पाहिलं. सर भिंतीकडे बघत होते.

"वरीसनी मिरची सादळेल व्हती," ते हळूच म्हणाले. "उशीना अभ्रामा बांधीसन टाकी. गाठ सुटी गयी, आनि जाळी लावेल नव्हती."

बाष्पीभवन शिकवणारा माणूस हा!

पाइप तुंबल्यामुळे मशीन आतून जास्त तापलं होतं आणि जास्त तापलं की गरम हवा आपोआप तोडणारा कटआउट पडला होता. आप्पांनी पाइप झाडला, एक बटण दाबलं, गरम हवा सुरू! मी ड्रम तीनदा पुसला, रिकामा चालवला, मग चादरी टाकल्या.

०

त्या दिवशी गठ्ठा घेऊन सर स्वतः माझ्याबरोबर दवाखान्यात आले. चूक झाली म्हणायचं नाही, पण ओझं उचलायचं, अशी त्यांची माफी असते.

डॉक्टरबाईंनी एकेक चादर गालाला लावायला सुरुवात केली. एकोणचाळीस झाल्या. चाळिसावी लावली, आणि बाई शिंकल्या. एकदा, दोनदा, तीनदा!

"हे काय आहे?" त्यांनी नाकाला रुमाल लावत विचारलं.

लग्नाला अठरा वर्षं झाली, या माणसाने कधी चूक कबूल केली नव्हती. पण सर पुढे झाले. "मॅडम, यात हिचा काही दोष नाही. सादळलेली मिरची मी टाकली होती ड्रायरमध्ये."

बाईंनी रुमाल बाजूला ठेवला. मग चादर परत गालाला लावली.

"कोरडी आहे," त्या मला म्हणाल्या. "पण सगळ्या पुन्हा धुऊन आणा. काम चालू ठेवा."

मी पायऱ्यांकडे वळले, तर मागून बाईंचा आवाज आला. "सर, मिरची वाळली का मग?"

सर थांबले आणि अगदी कळवळून म्हणाले, "कुठली मॅडम! मध्येच मशीन गार पडलं ना!"