डोंगरावरची संकष्टी

डॉक्टर शशिधर करंदीकरांना ग्लासगोत बेचाळीस वर्षं झाली, आणि त्यातले बहुतेक रविवार ते कुठल्या ना कुठल्या डोंगरावर होते. निवृत्त होईपर्यंत नोकरी भूल देण्याची. आठवडाभर लोकांना झोपवायचं आणि सुट्टीच्या दिवशी स्वतः पहाटे उठून बूट शोधायचे, असा माणूस. त्यांच्या मागोमाग सुप्रभाबाई. मला डोंगराची हौस नाही, नवऱ्याची आहे, असं त्या सरळ सांगायच्या.

सप्टेंबरात डॉक्टरांची बायपास झाली. सहा महिने ते शहाण्यासारखे वागले. एप्रिल लागला तसे जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरायला लागले. मुलगी वरदा मेडनहेडहून फोनवर ओरडली, "बाबा, यू आर सेव्हंटी सिक्स! आई, तू त्याला काही सांगत का नाहीस?"

"सांगून ऐकणारा असता तर भारतात नसता का राहिला?" सुप्रभाबाई म्हणाल्या आणि आपले बूट काढायला गेल्या. एकट्याला कसं सोडायचं?

रविवारी सकाळी दोघं नुसत्या चहावर निघाले. खाली शेतात कोकरं उड्या मारत होती, कुंपणाशी डॅफोडिल्स होती. अर्ध्या डोंगराच्या वर मात्र सगळं पांढरं. एप्रिलातला बर्फ मोठा लबाड. वरून पापडासारखा कडक, पाय दिला की गुडघ्यापर्यंत आत. पाय उपसायचा, पुढं टाकायचा, पुन्हा उपसायचा. सुप्रभाबाईंचे गुडघे एकाहत्तर वर्षांचे; ते आपलं गाऱ्हाणं गातच होते. पण त्यांचा सगळा जीव कानात होता, पुढं चाललेल्या श्वासाकडं.

आधी वीस पावलांनी थांबणं झालं. मग पंधरा. मग दहा. दर वेळी डॉक्टर काठीवर रेलून म्हणायचे, "काय व्ह्यू आहे बघ!" समोर नुसतं धुकं होतं.

"छान आहे," सुप्रभाबाई म्हणायच्या.

डॉक्टरांचे ओठ निळसर दिसायला लागले होते. 'दमलात, चला खाली,' म्हणायची सोय नव्हती. तसं म्हटलं की हा माणूस दुप्पट जोरानं चढणार, हे चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात पाठ झालं होतं. हवा बिघडली म्हणून ते मागं फिरले होते, सोबतच्या कुणाचा पाय मुरगळला म्हणून फिरले होते. स्वतःसाठी कधीच नाही. आणि आज फिरले नाहीत तर काय होईल, ते मनातसुद्धा आणायला त्या तयार नव्हत्या.

तेवढ्यात वरून एक तरुण जोडपं कुत्र्यासह घसरत घसरत उतरलं. "झालंच आता, वीस मिनिटं फक्त!" असं हसून सांगून गेलं. डॉक्टरांनी लगेच काठ्या सावरल्या. सुप्रभाबाईंना त्या दोघांचा आणि कुत्र्याचाही राग आला.

त्या मटकन बर्फात बसल्या.

"अहो, मला गरगरतंय."

डॉक्टर वळले. "काय झालं?"

"आज संकष्टी आहे माझी. पोटात काही नाही."

"संकष्टी? आणि हे आत्ता सांगतेस?"

"तुम्ही विचारलंत कुठं?"

डॉक्टर धापा टाकत खाली बघत राहिले. "जन्मभर प्रत्येक पेशंटला विचारलं, शेवटचं कधी खाल्लं म्हणून. घरच्या बाईला विचारायचं राहिलं." मग त्यांनी शिखराकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. सुप्रभाबाईंची बसल्या जागी बैठक भिजून गार झाली, तरी त्या हलल्या नाहीत.

"चल," डॉक्टर म्हणाले. "ऊठ, हात दे."

उतरायला अडीच तास लागले. बर्फ संपला तिथं एका दगडावर बसून डॉक्टरांनी चीज-चटणीचं सँडविच सावकाश, चवीनं खाल्लं. सुप्रभाबाईंनी थर्मासातला चहा घेतला आणि दुसरीकडं तोंड केलं. भुकेनं आतडी पिळवटत होती, पण संकष्टीला पाव कसा खाणार? चंद्र उगवायला अजून सगळा दिवस पडला होता. आपणच बोललो, आता भोगा.

गाडीशी पोचल्यावर डॉक्टर डिकीच्या कडेला टेकले. चेहऱ्यावर जरा रंग आला होता. पिशवीतून उरलेलं सँडविच काढून त्यांनी पुढं धरलं.

"खा."

"अहो, संकष्टी..."

"शुक्रवारी झाली संकष्टी. साबुदाणा मीच भिजवला होता."

सुप्रभाबाईंनी सँडविच घेतलं. मोठा घास घेतला, म्हणजे लगेच बोलायला नको. गिळून झाल्यावर म्हणाल्या, "मग तिथंच का नाही बोललात?"

"बोललो असतो तर वर जावं लागलं असतं."

वारा सुटला होता. बाजूच्या गाडीतून कुणी चढायच्या तयारीनं उतरत होतं, त्यांच्याकडं डॉक्टरांनी पाहिलं नाही. वाकून बुटाची नाडी सोडायला गेले, हात निम्म्यात पोचला आणि तिथंच राहिला. दोनदा झालं असं. मग त्यांनी पाय बायकोपुढं केला.

सुप्रभाबाई तिथल्याच एका दगडावर टेकल्या, सँडविच दातांत धरलं आणि नाडीला हात घातला. गाठ भिजून घट्ट बसली होती. सुटायला बराच वेळ लागला.