संध्याकाळी कोण असतं

दवाखान्यात मी मुलांना आहाराचा सल्ला देते. परवा नऊ वर्षांची सई वजनकाट्यावर चढली आणि तिनं डोळे घट्ट मिटून घेतले. आई घाईनं म्हणाली, "मॅडम, गोड सगळं बंद केलंय हो."

मी सईला विचारलं, "संध्याकाळी कुणाबरोबर खेळतेस?"

"मला कुणी खेळायला घेत नाही. मग मी खात बसते."

आईला हे ठाऊकच नव्हतं. ती कामावरून आठला येते. किती घरांतून मुलं अशी कुणाची तरी वाट पाहत खात असतील!

"जेवण झाल्यावर दोघी थोडं चालून याल?" मी विचारलं.

आईचे डोळे भरून आले. "जाऊ की. आम्ही दोघीच तर आहोत. मॅडम, मीसुद्धा कित्येक दिवसांत कुणाशी असं मोकळं बोलले नव्हते."

बाहेर रांग होती, तरी मी त्यांना आणखी थोडा वेळ बसू दिलं.