आंब्याच्या पेटीतून गेलेला पुरावा

ये गो, जरा जवळ ये. पुण्यात आहेस ठाऊक आहे मला, मनानं तरी ये. आणि आधी मावशीचे चार शब्द ऐकून घे. दोन वर्षांत साधा फोन नाही, आणि परवा एकदम मेसेज, ‘मावशी, घरातलं बोलणं गुपचूप रेकॉर्ड केलं तर मुलाच्या ताब्यासाठी कोर्टात चालतं का? तू केलं होतंस ना?’ खाली जोडलेल्या हातांचं चित्र. अगो, हे काय लोणच्याचं प्रमाण आहे, एका ओळीत विचारायला? तुझ्या घरात एवढं चाललंय आणि मावशीला ते असं कळतं होय? राग आलाय मला. पण सांगते, सगळं सांगते.

लेक नातीला घेऊन माहेरी आली त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. जावई मुंबईत. केस इथे रत्नागिरीच्या कोर्टात. नात आठ वर्षांची, तिनं कुणाकडे राहायचं यावर सगळं अडलं होतं. एक रविवार आड जावयानं आमच्या घरी येऊन तिला भेटायचं, असं कोर्टानं ठरवून दिलेलं. आणि त्यानं अर्ज टाकलेला, मुलगी मला मुंबईला न्यायचीय म्हणून. तो अर्ज आला त्या दिवसापासून मला घास जाईना. पोरगी घरभर नाचायची आणि मी तिच्याकडे नुसती बघत बसायची.

त्यात एकदा फोनवर भांडताना तो लेकीला म्हणाला होता, ‘होस्टेलला टाकीन, पण तुझ्याकडे ठेवणार नाही.’ झालं! मी ठरवलं, हे त्याच्याच तोंडून वदवायचं आणि फोनमध्ये धरायचं. लेकीला सांगितलं नाही, आमच्या ह्यांनाही नाही. मला वाटलं, काम झालं की एकदम कोर्टात नेऊन ठेवू, सगळे थक्क होतील. थक्क झालेच म्हणा.

आंब्याचे दिवस. पडवीत पेट्या भरणं चाललेलं, खाली पेंढा, त्यावर आंबे, वर पुन्हा पेंढा. मला ते रेकॉर्डिंग चालू-बंद करणं काही नीट जमत नव्हतं. म्हणून सकाळीच चालू केलं आणि फोन कमरेला खोचून फिरले. जावई दहाला आला, पडवीत खुर्चीवर बसला. मी एक अर्धी पेटी त्याच्या पायाशी ओढली, फोन हळूच पेंढ्यात सरकवला आणि आंबे निवडायला बसले.

‘काय हो,’ मी म्हटलं, ‘तुम्ही म्हणे आमच्या पोरीला होस्टेलला घालणार?’

तो म्हणाला, ‘म्हटलं होतं, आई.’

मिळालं! काय सांगू तुला, मला असा आनंद झाला की मी उठून त्याला जेवायलाच बसवलं. आमटी वाढली, वर दोनदा आग्रह केला.

तो दोनच्या सुमाराला निघाला. गाडी वळणापलीकडे गेली आणि मी पडवीत धावले. ती अर्धी पेटी जागेवर नाही!

‘इथली पेटी कुठाय?’

आमचे हे पान जमवत बसलेले. ‘भरली आणि दिली जावयाच्या गाडीत.’

‘दिली?’

‘मग? आंब्याच्या दिवसात घरी आलेला जावई रिकाम्या हातानं पाठवायचा? केस कोर्टात आहे, आंबे कोर्टात नाहीत!’

मी ओरडले, ‘अहो, माझा फोन गेला त्यात!’ लेक आतून धावत आली. आता लपवून काय उपयोग, सांगितलं सगळं. ती म्हणाली, ‘आई, निदान मला विचारायचंस गो.’ ते मला जास्त लागलं.

पण बसून चालणार होतं का? ह्यांनी रिक्षा बोलावली. मी मांडीवर दुसरी पेटी घेऊन बसले. गाठलंच तर सांगायचं, ती पेटी कच्च्याची गेली, ही घ्या! हातखंब्याच्या हायवे फाट्यापर्यंत रिक्षा अशी पळवली की पेटीतला पेंढा माझ्या डोक्यात. रिक्षावाला विचारतो, ‘आजी, कोण चोर पळालाय?’ हे म्हणाले, ‘चोर रिक्षातच बसलाय.’ तसल्या घाईतही हसू आलं बघ मला. हायवेवर ट्रक, कंटेनर, बसेस. जावयाची गाडी कधीच पुढे निघून गेलेली.

सोमवारी लेकीबरोबर तिच्या वकीलबाईंकडे. मी आपली गुन्हेगारासारखी पुढ्यात. विचारलं, ‘चोरून केलेलं चालतं का हो? की मलाच आत टाकतील?’

त्या म्हणाल्या, ‘आत कोणी टाकत नाही. चोरून केलं एवढ्यावरून कोर्ट ते फेकूनही देत नाही. नवरा-बायकोच्या वादात असलं रेकॉर्डिंग पुराव्यात घेता येतं, असं वरच्या कोर्टानं म्हटलंय. पण मूळ रेकॉर्डिंग लागतं, सोबत प्रमाणपत्र लागतं, आवाज कुणाचा ते दाखवावं लागतं. आणि एक सांगते आजी, हवा तेवढा तुकडा कापून देता येत नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत जसं आहे तसं.’

‘पहिल्यापासून?’ मी पुन्हा विचारलं.

‘का? पहिलं काय आहे त्यात?’

तेवढ्यात लेकीचा फोन वाजला. जावई. एवढंच म्हणाला, ‘आईंचा फोन आंब्यांत सापडला. त्याला कुलूप नव्हतं. मी ऐकलं, पूर्ण. पुढच्या भेटीला येताना घेऊन येतो.’ आणि ठेवला.

आता वकीलबाईंना सांगणं भाग होतं. त्या दिवशी सकाळी फोन चालू करून मी नातीची वेणी घातली होती. वेणी घालता घालता तिला म्हटलं होतं, ‘बाबा आले की विचार, मला होस्टेलला टाकणार का. आणि थोडं रड.’

वकीलबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ‘आजी, ताब्याच्या केसमध्ये जज मुलीचं हित बघतात. मुलीला कोण पढवतंय, हे त्यांना सगळ्यात आधी खटकतं. आता हा पुरावा जावयाकडे आहे, आणि तो तुमच्या लेकीच्या विरुद्ध आहे.’

अगो, ते पंधरा दिवस! माझ्या हातानं मी नातीला मुंबईला पाठवायला निघाले होते. देवापुढे वात लावताना हात पोळला, तरी कळलं नाही.

रविवारी गाडी थांबली तेव्हा मी दाराआड. तो आत आला, फोन टेबलावर ठेवला. विहीणबाईंनी रुमालात गुंडाळून पाठवलेला, चार्ज करून.

‘माझे वकील म्हणतात, हे कोर्टात द्या, केस संपली,’ तो लेकीला म्हणाला. मग फोन चालू केला. माझा आवाज आला, ‘आणि थोडं रड.’ आणि मग नातीचा, ‘आजी, पण मला रडू येत नाहीये. बाबा आले की मला मजा येते.’

त्यानं फोन बंद केला.

‘हे मी कितीदा ऐकलं, मोजलं नाही,’ तो म्हणाला. ‘मी सकाळी साडेसातला घर सोडतो, उशिरा परत येतो. आईला आता झेपत नाही. हिला मुंबईला नेऊन ठेवणार कुठे होतो, मलाच ठाऊक नव्हतं. फक्त मला वाटायचं, तुमच्याकडे राहिली तर मला विसरेल.’

लेक म्हणाली, ‘चल, बाहेर बोलू.’ दोघं मागच्या आंब्याच्या कलमांत जाऊन बसले. चांगले दोन तास. मी खिडकीशी गेले, तर ह्यांनी मला हाताला धरून मागे आणलं. काय बोलले ते मला आजही ठाऊक नाही.

पुढच्या तारखेला दोघांनी मिळून लिहून दिलं. शाळा इथेच, राहणं आईकडे. मे महिना अर्धा आणि दिवाळी बाबांकडे, मधले रविवार तसेच. संसार मात्र जुळला नाही, तो काही रुमालात गुंडाळून परत येत नाही. शेवटी वकीलबाईंनी एक ओळ घातली, मुलीचं किंवा मुलीसमोरचं बोलणं कोणीही चोरून रेकॉर्ड करणार नाही. जज साहेबांनी नातीला आत बोलावलं, एकटीला. बाहेर आली ती उड्या मारत! मी जिन्यातच रडायला लागले. ती म्हणते, ‘आजी, आता कशाला रडतेस? आता तर झालं ना?’

तिची मी माफी मागितली, घरी आल्यावर, तिच्यापुढे बसून. तिनं विचारलं, ‘मग परत मला रडायला नाही सांगणार?’ नाही म्हटलं. तिनं लगेच हात पुढे केला, शपथ म्हणून. आठ वर्षांच्या पोरीला शपथ द्यावी लागते, म्हणजे बघ.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर, चालतं. वकील सांगेल तुला कसं द्यायचं ते, आणि मारहाण नाहीतर धमकी असेल तर तसं लगेच सांग त्याला, घाबरू नको. पण तू केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये तुझ्या मुलाचा आवाज असेल, तर आधी एकटी बस आणि पहिल्यापासून ऐक. त्याला तू काय विचारायला लावलंस, ते ऐक. मी ऐकलं नव्हतं गो. दुसऱ्यानं ऐकून मला ऐकवलं, तो भला निघाला म्हणून निभावलं. सगळे तसे निघत नाहीत.

आणि हे पुढचं मेसेजवर नको. मुलाला घेऊन ये. शुक्रवारी निघालीस तर शनिवारी सकाळी स्टँडवर उतरशील, हे रिक्षा घेऊन येतील. तुझ्या तारखेच्या आधी ये. नात विचारते, तो पोहायला शिकलाय का म्हणून. लवकर ये गो, वाट बघते.