बोनेटवरची पाच बोटं

डॉक्टर रिपोर्ट बघून औषध लिहायला लागले की आमच्या शेजारचे चाचा आपलं मनगट त्यांच्या नाकासमोर धरायचे. "हात तर लावा साहेब! हात लावल्याबिगर काईच दुरुस्त होत न्हाई." असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल.

तेलगावात त्यांचा जन्म कापसाच्या व्यापारात गेला. ढिगात कोपरापर्यंत हात घातल्याशिवाय भाव बोलले नाहीत. या माणसानं म्हातारपणी इलेक्ट्रिक कार घेतली, ती चाचींसाठी. चाचींची बहीण धारूरला अंथरुणाला खिळलेली. दर जुम्म्याला तिच्याकडे जायचं, आणि एसटीच्या पायऱ्या चाचींच्या गुडघ्यांना झेपेनात.

एका जुम्म्याला घाटात, ऐन वळणावर गाडी गपगार पडली. मागे उसाचा ट्रक. थोड्या वेळानं ती आपोआप सुरू झाली, पण घरी आल्यावर चाची म्हणाल्या, "पायी जाईन, पन हिच्यात बसायची न्हाई."

पुढे कंपनीनं त्या सगळ्याच गाड्या परत बोलावल्या. चाचांनी गाडी धुतली आणि शोरूमला फोन लावायला मला बसवलं. गल्लीत मोबाइलमधला जाणकार मीच. म्हणजे चष्मा लावून मोठ्यानं वाचतो, एवढंच. पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, गाडी परत बोलावली आहे, पण आणायची नाही. अपडेट घरीच येईल."

चाचा माझ्यावरच उखडले. "लग्नाचं आवतन हाय, पन येऊ नका! हे कसलं बोलावनं बे?"

तरी, घरी येणार म्हणजे कोणीतरी माणूस येणारच, म्हणून त्यांनी ओट्यावर सतरंजी टाकली, चहा टाकायला लावला. मीही पाहुण्याची वाट बघत बसलो. गाडीतल्या पडद्यावर एक निळी पट्टी सरकत गेली आणि 'आपली गाडी आता सुरक्षित आहे' अशी अक्षरं उमटली. पाहुण्याचा चहा मी प्यायलो.

दारातून चाचींनी विचारलं, "हात कुनी लावला?"

चाचा सतरंजी गुंडाळायला लागले.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच गाडी घेऊन घाट चढून-उतरून आले. "चाचीला सांगू नको," म्हणाले. मी ते पोटात ठेवलं. म्हणजे फक्त बायकोला सांगितलं.

मग त्यांनी ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकला बोलावलं.

"चाचा, ह्यातलं मला काय बी कळत न्हाई."

"कळायचं कावून? तू निस्ते तिच्यासमोर हात काळे कर."

पण या गाडीत हात काळे व्हावेत असं काही नव्हतंच. बिचाऱ्यानं आधीच ट्रॅक्टरचं ग्रीस फासून आणलं, बोनेटखाली डोकं घालून बराच वेळ "हं, हं" केलं आणि बोनेट आपटलं. पांढऱ्या पत्र्यावर पाच काळी बोटं उमटली. चाची मुकाट्यानं गाडीत बसल्या. चाचा रोज गाडी पुसायचे, ती बोटं सोडून.

गेल्या हिवाळ्यात चाचा गेले. गाडी आता पुतण्या चालवतो. परवा मी आणि बायको ओट्यावर बसलो असताना तो साबण लावून ती बोटं घासायला लागला, तशा चाची ओरडल्या, "तिथं हात लावू नको!"

"चाची, ते तर ट्रॅक्टरचं ग्रीस हाय."

"ठाव हाय मला. वासावरूनच कळलं होतं."

"मग बसलात कावून?"

चाचींनी एकदा माझ्या बायकोकडे पाहिलं आणि गाडीचं दार उघडलं.

"ते आधी एकलेच घाट चढून आलते ना."