काकांच्या चित्रांचं प्रदर्शन

माणूस गेलं की घरी लोक जमतात, रडून होतं, आणि मग कुणीतरी किस्से काढतं. काकांच्या प्रदर्शनाचे तर इतके साठलेत की आधी कुठला सांगू!

काका म्हणजे ह्यूस्टनजवळच्या आमच्या शुगर लँड गावातले इंजिनियर. अमेरिकेत यायच्या आधी काका-काकू ऑस्ट्रेलियात होते. तिथल्या आदिवासींची चित्रं काकांनी वेड्यासारखी जमवली. ह्यूस्टनच्या एका गॅलरीत त्यांचं प्रदर्शन ठरलं, आणि तीन आठवडे आधी काका हार्ट अटॅकने गेले. आम्ही कॅन्सल करायला निघालो, तर काकू म्हणाल्या, “ह्यांनी ठरवलंय ना? मग होणार!”

*

तेलाच्या मंदीत माझा जॉब गेला होता, त्यामुळे चित्रं टांगायला मीच! एक भलंमोठं, नुसत्या ठिपक्यांचं. वरची बाजू कुठली? ऑस्ट्रेलियाहून आलेल्या चित्रकार आजींना विचारलं. “जमिनीवर बसून काढलंय. फिर भोवती आणि बघ.” झालं! तासभर मी चित्राला प्रदक्षिणा घालतोय! काका असते तर पोट धरून हसले असते यार.

*

गॅलरीवालीने फॉर्म आणला. मालकाचं नाव? काकूंनी तीस वर्षांत नवऱ्याचं नाव घेतलेलं नाही. लग्नातला उखाणासुद्धा अर्धाच सोडला होता म्हणे! त्यांनी पर्समधून काकांचं ड्रायव्हिंग लायसन्स काढलं आणि नावावर बोट ठेवलं. लेक सोनल वैतागली, “मॉम, जस्ट से इट!”

“तू घे. तुझा बाप आहे.”

लायसन्स परत ठेवताना काकूंनी फोटो पदराने पुसला.

*

एका चित्राखालचं नाव आजींनी कागद लावून झाकायला सांगितलं. त्यांच्या भावाचं चित्र. तो नुकताच वारला होता. “आमच्यात गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत.”

काकूंनी कारण विचारलं. आजींनी हळूच त्यांच्या कानात सांगितलं.

*

उद्घाटनाला सगळं मंडळ हजर. काकूंना दोन शब्द बोलायचे होते. सोनलने भाषण लिहून दिलं होतं, त्यात काकांचं नाव नव्हतंच. काकूंनी कागदाची घडी घातली आणि माइकपाशी गेल्या.

“यशवंत.”

आम्ही गार! काकू दाराकडे बघत होत्या.

“यशवंत!” आता चांगलं मोठ्याने.

आजी धावत आल्या, काकूंचा हात धरला. “नको गं! ऐकू जाईल त्याला. वाटेतून मागे फिरेल तो!”

काकू म्हणाल्या, “अगं, म्हणूनच तर हाक मारतेय!”