रुचीच्या कपाटाचं दार

रविवारी मी रुचीकडे तिचं कपाट बघायला गेले... खरं सांगायचं तर त्यात काहीतरी खोट शोधायला गेले.

रुची म्हणजे आमच्या टाउनशिपमधली, समोरच्या क्वार्टरमधली; आमच्या गप्पा हिंदीतच. आम्हा दोघींना एकाच वेळी वुडवर्कचं वेड लागलं आणि दोघींनी किचनसाठी छोटी कपाटं बनवायला घेतली. दारं इनसेट, म्हणजे फ्रेमच्या आत बसणारी... दिसायला एकदम क्लासी, पण बिजागरी जराशी हलली तरी दार अडकतं.

माझं अडकत होतं. जवाहर चौकातून पितळी बिजागऱ्या आणल्या, ढीगभर व्हिडिओ बघितले, तरी दार खाली घासायचं आणि वर पेन्सिल जाईल एवढी फट. रुचीचं मात्र टक् करून बंद! माझी अक्षरशः जळत होती.

त्यात बाबा. प्लांटमध्ये फिटर आहेत, आयुष्य गेलंय त्यात. माझं दार एकदा उघडलं, बंद केलं आणि परत पेपर हातात घेतला. रुचीचं बघून आले आणि म्हणाले, "याला म्हणतात काम."

मला तेवढंच ऐकायचं होतं... माझ्या दाराबद्दल.

तर रविवारी मोबाइलचा टॉर्च लावून तिच्या कपाटात डोकं घातलं. फट चारही बाजूंनी सेम. मग बिजागऱ्यांचे स्क्रू दिसले... प्रत्येकाची खाच अगदी उभी, सगळ्या एका रेषेत. असे स्क्रू मी लहानपणापासून बघतेय. आमच्या घरातला प्रत्येक स्विचबोर्ड तसाच आहे. बाबा स्क्रू असेच कसतात.

"ये किसने लगाया?" मी विचारलं.

"मैंने! अंकल ने सिखाया ना, तेरे को नहीं पता? तीन संडे आए थे. पहले चारों तरफ शादी के कार्ड के टुकड़े फँसाओ, गैप सेम रहेगा, फिर हर कब्ज़े में, मतलब तेरी बिजागरी में, सिर्फ एक स्क्रू. दरवाज़ा चला के देखो, तब बाकी के."

तीन संडे! मला वाटायचं, बाबा क्लबमध्ये कॅरम खेळायला जातात.

घरी येऊन चिडलेच. "मला का नाही शिकवलंत?"

बाबांनी पेपर खाली ठेवला. "विचारलं होतं की बाळा. तू म्हणालीस, बाबा, हे फाइन वर्क आहे, तुमच्या प्लांटसारखं नाही."

म्हणाले होते मी तसं... हेडफोन न काढता.

मग गपचूप सगळे स्क्रू काढले. जुनी भोकं काडेपेटीच्या काड्यांनी बुजवली आणि ताईच्या लग्नाची उरलेली पत्रिका कापायला घेतली. बाबा शेजारी येऊन बसले. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा दार बसलं... बाबा "याला म्हणतात काम" वगैरे म्हणाले नाहीत, पण स्क्रूड्रायव्हर माझ्या हातातून एकदाही घेतला नाही.

दाराची जळजळ संपली. त्या तीन रविवारांची नाही... थँक यू रुची यार, पण ते संडे माझे होते.