लुगडं नेसून धार काढायला गेलो तेव्हा

आईचा गुडघा सुजला आणि आमची म्हैस रुसली. आईशिवाय ती कुणालाच दूध देत नाही; मला तर थेट लाथ. शेवटी वैतागून मी, चांगला मिशीवाला बाप्या, पँटीवरच आईचं लुगडं गुंडाळलं, डोक्यावर पदर घेतला आणि चरवी घेऊन गोठ्यात बसलो. म्हशीनं मला एकदा हुंगलं आणि चरवी उडवली. मी शेणात! तेवढ्यात, मोतीबिंदूचं ऑपरेशन टाळत बसलेले माझे वडील ओसरीवरून कळवळून म्हणाले, "आगं, पाय दुखायलाय ना तुझा? कशाला उठलीस? बस, च्या मी करतो."

आत खाटेवर आई हसून हसून लोळत होती. ती एकदम उठून बसली अन् ओरडली, "मला मेलीला कधी केला का हो च्या?"